दीर्घकालीन बेकारांचा भत्ता आणि मुदतवाढीचा प्रश्न : अमेरिकेतील अनुभव व भारतासाठी त्याचा अर्थ

गोषवारा

बेकारी विम्याचा भत्ता ठरावीक आठवड्यांपुरता असतो. मंदीच्या काळात मात्र ही मुदत संपूनही काम न मिळणाऱ्यांची संख्या वाढते आणि मुदतवाढ द्यावी की नाही हा प्रश्न कायदेमंडळासमोर येतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील २००८ ते २०१४ या काळातील मुदतवाढीचा इतिहास, तिच्यावरील आक्षेप आणि त्याविषयीचे संशोधन यांचा परामर्श घेतला आहे. भत्त्याची मुदत दिनदर्शिकेवरील तारखेने न ठरता श्रमबाजाराच्या स्थितीने ठरावी आणि तशी तरतूद कायद्यात आधीच असावी, असे प्रतिपादन येथे केले आहे. शेवटी भारतातील तरतुदींचा याच दृष्टीने विचार केला आहे.

बीजसंज्ञा : बेकारी विमा, दीर्घकालीन बेकारी, मुदतवाढ, श्रमबाजार, सामाजिक सुरक्षा, रोजगार हमी.

१. प्रस्तावना

२८ डिसेंबर २०१३ या शनिवारी अमेरिकेतील सुमारे १३ लाख बेकारांचा साप्ताहिक भत्ता एकाच वेळी बंद झाला. त्यांना काम मिळाले म्हणून तो बंद झाला नव्हता, किंवा त्यांनी काम नाकारले म्हणूनही नव्हे. भत्त्याला मुदतवाढ देणाऱ्या कायद्याची तारीख त्या दिवशी संपली आणि अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, ती पुढे नेली नाही, एवढेच त्याचे कारण होते. त्या महिन्यात सत्तावीस आठवडे किंवा त्याहून अधिक काळ काम शोधणाऱ्यांची संख्या सुमारे ३९ लाख होती. एकूण बेकारांत त्यांचे प्रमाण ३७ टक्क्यांहून अधिक होते.

या घटनेत एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. कामगाराच्या हातून काम जाण्याचे कारण बहुधा अर्थव्यवस्थेतील उलथापालथ हे असते. ती उलथापालथ किती काळ चालेल हे कामगार ठरवीत नाही. मग त्याला मिळणाऱ्या आधाराची मुदत मात्र एका ठरावीक तारखेने का संपावी? हा प्रश्न केवळ अमेरिकेपुरता नाही. भारतात विमाधारक कामगारांसाठी ज्या तरतुदी आहेत, त्यांच्याही मुदती ठरावीक दिवसांच्या वा महिन्यांच्या आहेत. म्हणून अमेरिकेच्या अनुभवाचा तपशीलवार विचार आपल्यालाही उपयुक्त ठरतो.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

आपल्याकडे ‘बेकार भत्ता’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. ज्याला अद्याप पहिली नोकरीच मिळालेली नाही अशा सुशिक्षित तरुणाला शासनाकडून मिळणारे अर्थसाहाय्य हा त्याचा एक अर्थ होय. दुसरा अर्थ विम्याचा आहे. काम करीत असताना कामगाराच्या नावे वर्गणी वा कर भरला जातो आणि त्याच्या दोषाशिवाय काम गेल्यास त्या निधीतून त्याला काही काळ वेतनाचा अंश मिळतो. प्रस्तुत लेखात हा दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. विमा ही कृपा नव्हे. ती पूर्वी केलेल्या कामातून निर्माण झालेला हक्क आहे, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

‘दीर्घकालीन बेकारी’ची व्याख्या देशागणिक बदलते. अमेरिकेच्या अधिकृत आकडेवारीत सत्तावीस आठवडे किंवा अधिक काळ काम शोधणाऱ्यास दीर्घकालीन बेकार म्हणतात. अनेक युरोपीय देशांच्या आकडेवारीत हीच सीमा एक वर्षाची असते. अमेरिकेतील सत्तावीस आठवड्यांच्या सीमेला वेगळे महत्त्व आहे. तेथील बहुतेक राज्यांत नियमित विमाभत्ता दीर्घकाळ सव्वीस आठवड्यांचा होता. म्हणजेच ज्या आठवड्यात माणूस दीर्घकालीन बेकारांत मोजला जाऊ लागतो, त्याच आठवड्यात त्याचा नियमित भत्ता संपलेला असतो.

३. मुदतवाढीची परंपरा

बेकारी विम्याला मुदत असावी, ही कल्पना या विम्याइतकीच जुनी आहे. ब्रिटनच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात आठवड्याला सात शिलिंग भत्ता आणि वर्षातून जास्तीत जास्त पंधरा आठवडे अशी तरतूद होती. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९३२ मध्ये पहिला कायदा केला. पुढे १४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केल्यावर ही व्यवस्था देशभर पसरली. केंद्र व राज्ये यांच्या भागीदारीतून ती चालते. मुख्यतः मालकांकडून वेतनावर घेतल्या जाणाऱ्या कराने तिचा निधी उभा राहतो आणि भत्त्याचे दर व नियम राज्ये ठरवितात.

नियमित मुदत सामान्य काळासाठी आखलेली असते. मंदीत ती अपुरी पडते, हे १९५८ मध्ये प्रथम मान्य झाले आणि काँग्रेसने तात्पुरती मुदतवाढ देणारा कायदा केला. १९६१ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. दर वेळी नवा कायदा करण्याऐवजी एक कायमची यंत्रणा असावी, या विचाराने १९७० मध्ये ‘विस्तारित भत्त्या’चा कायदा झाला. राज्यातील बेकारीचे प्रमाण विशिष्ट पातळीच्या वर गेल्यास तेरा, आणि पुढील काळातील तरतुदीनुसार वीसपर्यंत, अधिक आठवडे आपोआप मिळावेत व त्याचा खर्च केंद्र आणि राज्याने निम्मा-निम्मा उचलावा, अशी ही योजना होती. कल्पना उत्तम होती; परंतु तिच्या कसोट्या अशा रीतीने आखल्या गेल्या की, जेव्हा गरज पडली तेव्हा ती पुरेशी उपयोगी पडली नाही. त्याची चर्चा पुढे केली आहे. परिणामी १९७०, १९८० व १९९० च्या दशकांतील मंदीच्या काळात, तसेच २००२ मध्ये, काँग्रेसला पुनःपुन्हा तात्पुरते कायदे करावे लागले.

४. २००८ ते २०१४ : मुदतवाढीची वाटचाल

डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेल्या मंदीत अमेरिकेत सुमारे ८७ लाख नोकऱ्या नष्ट झाल्या. ३० जून २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ‘आपत्कालीन बेकारी भरपाई’च्या कायद्यावर स्वाक्षरी केली. प्रारंभी ही वाढ तेरा आठवड्यांची होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आणि पुन्हा नोव्हेंबर २००९ मध्ये ती टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारीचे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले होते. नियमित सव्वीस, आपत्कालीन त्रेपन्न आणि विस्तारित वीस असे मिळून सर्वाधिक बेकारी असलेल्या राज्यांत जास्तीत जास्त नव्व्याण्णव आठवडे भत्ता मिळू लागला. एप्रिल २०१० च्या सुमारास दीर्घकालीन बेकारांची संख्या सुमारे ६८ लाख होती आणि एकूण बेकारांत त्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास होता.

ही वाढ एकदाच आणि निश्चित कालावधीसाठी दिली गेली, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. काही आठवडे वा काही महिन्यांच्या अंतराने तिचे नूतनीकरण करावे लागे. २०१० मध्ये ती वारंवार खंडित झाली. जूनच्या आरंभी संपलेली तरतूद २२ जुलैपर्यंत पूर्ववत झाली नाही आणि त्या अवधीत सुमारे २५ लाख लोकांचा भत्ता थांबला. सिनेटमधील अडथळा दूर करण्यास साठ मते आवश्यक होती. वेस्ट व्हर्जिनियाचे वयोवृद्ध सिनेटर रॉबर्ट बर्ड यांचे २८ जून रोजी निधन झाले. त्यांच्या जागी नेमले गेलेले कार्ट गुडविन यांचा २० जुलै रोजी शपथविधी झाला आणि त्याच दिवशी साठावे मत उपलब्ध झाले. लाखो कुटुंबांचे घरभाडे व किराणा एका रिक्त जागेवर अवलंबून राहावा, ही गोष्ट लोकशाही व्यवस्थेला भूषणावह म्हणता येणार नाही.

फेब्रुवारी २०१२ च्या कायद्याने आपत्कालीन आठवड्यांची कमाल मर्यादा क्रमाक्रमाने त्रेपन्नावरून सत्तेचाळीसवर आणली. जानेवारी २०१३ मध्ये योजनेला त्या वर्षाच्या अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली आणि वर्षअखेरीस ती संपुष्टात आली. त्या वेळी बेकारीचे एकूण प्रमाण ६.७ टक्क्यांपर्यंत उतरले होते, हे खरे. तथापि एकूण श्रमशक्तीत दीर्घकालीन बेकारांचे प्रमाण सुमारे अडीच टक्के होते. १९५८ पासूनच्या कोणत्याही आपत्कालीन योजनेच्या समाप्तीच्या वेळी असलेल्या प्रमाणाच्या ते जवळजवळ दुप्पट किंवा त्याहून अधिक होते. दुसऱ्या शब्दांत, सरासरी सुधारली होती, परंतु ज्यांच्यासाठी योजना होती त्यांची स्थिती सुधारली नव्हती.

त्यानंतर र्‍होड आयलंडचे डेमोक्रॅट सिनेटर जॅक रीड आणि नेव्हाडाचे रिपब्लिकन सिनेटर डीन हेलर यांच्या पुढाकाराने एक संयुक्त विधेयक आले. सिनेटने ते ७ एप्रिल २०१४ रोजी ५९ विरुद्ध ३८ मतांनी संमत केले. पाच महिन्यांची मुदतवाढ, तीही डिसेंबर २०१३ पासून पूर्वलक्षी परिणामाने, असे त्याचे स्वरूप होते. सभापती जॉन बेनर यांच्या नेतृत्वाखालील प्रतिनिधिगृहाने ते विचारार्थ घेतलेच नाही. येथे एक प्रशासकीय मुद्दाही पुढे आला. राज्यांच्या रोजगार यंत्रणांच्या राष्ट्रीय संघटनेने कळविले की, मधल्या काळातील पात्रता मागे जाऊन तपासणे अवघड आहे. हा आक्षेप निराधार नव्हता. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मुदतवाढ नाकारण्याचा नसून ती वेळेवर देण्याचा आहे.

५. दीर्घकालीन बेकार वेगळा का?

आठ आठवडे बेकार असलेला कामगार आणि चाळीस आठवडे बेकार असलेला कामगार यांच्यातील फरक केवळ बत्तीस आठवड्यांचा नसतो. पहिल्याजवळ थोडीफार बचत, ओळखीपाळखी आणि ताजा अनुभव असतो. दुसऱ्याजवळचे हे सर्व हळूहळू आटत जाते. शिवाय मालकांची दृष्टीही बदलते. क्रॉफ्ट, लांगे व नोटोविडिग्डो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील सुमारे १०० महानगरांतील ३,००० जाहिरातींना सुमारे १२,००० काल्पनिक अर्ज पाठविले होते. बेकारीचा काळ जसा वाढत जातो तसे मुलाखतीचे बोलावणे कमी होत जाते आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते, असे त्यात आढळले. अर्जदाराची पात्रता कमी झाली नसतानाही, तो बराच काळ रिकामा आहे एवढ्यावरून त्याला बाजूला सारले जाते.

दीर्घ बेकारीचा मनावर होणारा परिणाम याहून जुन्या अभ्यासातून ज्ञात आहे. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावातील कापड कारखाना १९२९-३० च्या सुमारास बंद पडला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झायझेल यांनी तेथील ४७८ कुटुंबांचा अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. हाताशी भरपूर वेळ असूनही गावच्या ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. पुरुषांच्या चालण्याचा वेगही मंदावला होता. या संशोधकांनी कुटुंबांचे मनोधैर्याच्या दृष्टीने चार गट केले आणि प्रत्येक गटाचे उत्पन्न तपासले. मनोधैर्य न खचलेल्या कुटुंबांचे मासिक उत्पन्न प्रत्येक खाणाऱ्या तोंडामागे सरासरी ३४ शिलिंग होते. नशिबाला शरण गेलेल्यांचे ३०, निराश झालेल्यांचे २५ आणि पूर्ण उदासीन बनलेल्यांचे १९. आधाराच्या रकमेत पडणारे काही शिलिंगांचे अंतर माणसाच्या उमेदीतील अंतर ठरते, हा या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा धडा होय. नोकरी शोधण्यासाठी उमेद लागते. ती टिकविण्याचे काम भत्ता करतो.

६. मुदतवाढीवरील आक्षेप

मुदतवाढीविरुद्ध प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात. ते तपासल्याशिवाय बाजू मांडणे न्याय्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, भत्ता लांबल्याने माणूस काम शोधण्यात हयगय करतो आणि बेकारी वाढते. या म्हणण्यात काही तथ्य आहे. प्रश्न त्याच्या प्रमाणाचा आहे. जेसी रॉथस्टीन यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार, त्या वर्षाच्या आरंभी मुदतवाढीमुळे बेकारीच्या प्रमाणात ०.१ ते ०.५ टक्काबिंदू एवढीच भर पडली होती. त्यातील निम्म्याहून अधिक भाग हा काम नाकारण्याचा नव्हता. जे लोक एरवी निराश होऊन श्रमबाजारातूनच बाहेर पडले असते, ते शोध चालू ठेवण्याच्या अटीमुळे बेकारांच्या गणनेत राहिले, हे त्याचे स्पष्टीकरण होय. हागेडोर्न, मानोव्स्की व मिटमन यांनी मात्र याच्या उलट, २०१४ मधील रोजगारवाढीचा मोठा भाग भत्ता बंद झाल्यामुळे होता, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चोडोरो-राइख, कोग्लियानीस व कारबारबूनिस यांच्या अभ्यासात मुदतवाढीचा बेकारीवरील परिणाम अत्यल्प आढळला. विद्वानांत एकमत नाही, हे मान्य करावे लागेल; परंतु मंदीच्या काळात हा परिणाम लहान असतो, या बाजूचा पुरावा अधिक भक्कम आहे. यामागील तर्कही सरळ आहे. जागा कमी आणि उमेदवार अनेक असताना एकाने शोध सैल केला तर ती जागा रिकामी राहत नाही, दुसऱ्याला मिळते.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने डिसेंबर २०१३ मध्ये वर्तविलेल्या अंदाजानुसार २०१४ च्या अखेरपर्यंत मुदतवाढ देण्यास सुमारे २६ अब्ज डॉलर लागले असते. त्याच अंदाजात असेही म्हटले होते की, त्यामुळे २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत सुमारे २ लाख रोजगार अधिक निर्माण झाले असते. कारण बेकाराच्या हाती आलेला पैसा साठून राहत नाही. तो लगेच वाण्याकडे, घरमालकाकडे, औषधाच्या दुकानात जातो. पीटर गॅनाँग व पास्कल नोएल यांनी २०१९ मध्ये बँक खात्यांच्या आधारे दाखविले की, भत्ता संपताच कुटुंबाचा खर्च एकाएकी घसरतो. भत्ता संपणार आहे हे आधी ठाऊक असूनही ही घसरण टळत नाही. भत्त्याची रक्कम वाढविण्यापेक्षा त्याचा काळ वाढविणे कुटुंबांच्या दृष्टीने अधिक हितकारक ठरते, असाही त्यांचा निष्कर्ष आहे.

तिसरा आक्षेप राजकीय स्वरूपाचा आहे. तात्पुरती म्हणून दिलेली सवलत कायमची होऊन बसते, असे म्हटले जाते. इतिहास मात्र हे म्हणणे खोडून काढतो. १९५८ पासूनच्या सर्व आपत्कालीन योजना शेवटी बंद झाल्या आहेत. करोना साथीच्या काळात मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या विशेष योजनाही ६ सप्टेंबर २०२१ रोजी संपल्या. किंबहुना खरा धोका याच्या उलट आहे. त्या गरज सरण्याआधी बंद होतात. डिसेंबर २००२ मध्येही नेमक्या २८ तारखेलाच तेव्हाच्या योजनेची मुदत संपली होती आणि जानेवारी २००३ मध्ये ती पुन्हा सुरू करावी लागली होती.

७. आपोआप लागू होणाऱ्या कसोटीतील दोष

मुदतवाढ श्रमबाजाराच्या स्थितीशी जोडावी, असे म्हणणे सोपे आहे. ती कशी जोडावी हे अधिक महत्त्वाचे आहे. १९७० च्या कायद्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. विस्तारित भत्ता सुरू होण्यासाठी राज्यातील बेकारीचे प्रमाण विशिष्ट पातळीच्या वर असणे पुरेसे नव्हते. ते मागील दोन वर्षांतील त्याच काळाच्या तुलनेत वाढलेलेही असावे लागे. राज्यांना स्वीकारता येणाऱ्या एका पर्यायी कसोटीनुसार प्रमाण ६.५ टक्के असावे आणि मागील दोन वर्षांपैकी एका वर्षातील प्रमाणाच्या ११० टक्के तरी असावे, अशी अट होती. याचा परिणाम असा की, बेकारी एकदा वाढून तेथेच तीन वर्षे टिकली तर कसोटी निकामी होते. म्हणजे बेकारी दीर्घकालीन झाली की दीर्घकालीन बेकारांचा भत्ता थांबतो. डिसेंबर २०१० मध्ये तुलनेचा काळ तात्पुरता तीन वर्षांचा करण्यात आला. पण त्यामुळे दोष केवळ पुढे ढकलला गेला.

फ्लोरिडाचे उदाहरण दुसरा दोष दाखविते. मंदीत तीसहून अधिक राज्यांना भत्त्यासाठी केंद्राकडून कर्ज घ्यावे लागले आणि त्यानंतर मिशिगन, मिसूरी, साउथ कॅरोलायना यांसारख्या राज्यांनी नियमित मुदत सव्वीसवरून वीस आठवड्यांवर आणली. नॉर्थ कॅरोलायनाने १ जुलै २०१३ पासून मुदतीबरोबर साप्ताहिक भत्त्याची कमाल रक्कमही ५३५ डॉलरवरून ३५० डॉलरवर आणली. त्यामुळे तेथील दीर्घकालीन बेकार देशातील इतरांच्या सहा महिने आधीच आपत्कालीन योजनेतून बाहेर पडले. फ्लोरिडाने मुदत बेकारीच्या प्रमाणाशी जोडली खरी, परंतु आदल्या वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीतील प्रमाण पाहून ती वर्षभरासाठी ठरविली जाई. २०२० च्या वसंतात साथीमुळे लाखो लोकांचे काम गेले, तेव्हा तेथील नियमित मुदत आदल्या वर्षीच्या सुबत्तेवर आधारलेली, म्हणजे अवघी बारा आठवडे होती. उशिरा जागी होणारी कसोटी आणि लवकर झोपी जाणारी कसोटी या दोन्ही सारख्याच निरुपयोगी होत.

८. भारतीय संदर्भ

भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार कपातीच्या वेळी प्रत्येक पूर्ण वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई देण्याची तरतूद केली. ही रक्कम एकदाच मिळते. बेकारी किती काळ चालते याच्याशी तिचा संबंध नाही. मुदतीच्या भत्त्याचा महत्त्वाचा भारतीय प्रयोग कापड गिरण्यांच्या संदर्भात झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यानंतरच्या काळात देशातील कापड उद्योगाची जी पडझड झाली, तिच्या पार्श्वभूमीवर १९८५ चे वस्त्रोद्योग धोरण आले आणि १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना सुरू झाली. कायमच्या बंद पडलेल्या खाजगी गिरणीतील पात्र कामगारास पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य मिळे. तीन वर्षांचा हा काळ अमेरिकेतील नव्व्याण्णव आठवड्यांहूनही मोठा होता. परंतु गिरणी कायद्याच्या दृष्टीने ‘कायमची बंद’ ठरल्याखेरीज कामगार पात्र ठरत नसे. भोंगा थांबलेला, पण कागदोपत्री गिरणी जिवंत, अशा स्थितीतील कामगार योजनेच्या बाहेर राहत. शिवाय वय वाढत जाऊन काम मिळण्याची शक्यता जसजशी कमी होई, तसतसे साहाय्यही घटत जाई. गरजेच्या चढत्या आलेखासमोर साहाय्याचा उतरता आलेख, असे हे चित्र होते.

संघटित क्षेत्रातील विमाधारकांसाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून लागू झाली. कारखाना बंद पडणे, कपात किंवा कायमचे अपंगत्व यांमुळे काम गेल्यास वेतनाच्या निम्मा भत्ता प्रारंभी सहा महिन्यांपर्यंत देण्याची तीत तरतूद होती. पुढे ही मुदत वाढविण्यात आली. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के दराने, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आणि आयुष्यात एकदाच, असे तिचे मूळ स्वरूप होते. करोना साथीत २४ मार्च २०२० पासून हा दर ५० टक्के करण्यात आला आणि मागणीसाठीचा प्रतीक्षाकाळ नव्वदवरून तीस दिवसांवर आणला गेला. वाढीव दर प्रारंभी ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच जाहीर झाला होता. मूळ योजनेला मात्र पुढेही वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. येथेही तारखेचेच राज्य दिसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ च्या १०२ क्रमांकाच्या करारात बारा महिन्यांत किमान तेरा आठवडे भत्ता अपेक्षिला आहे. नव्वद दिवस म्हणजे जेमतेम तेरा आठवडे. परंतु ‘आयुष्यात एकदाच’ ही अट त्या किमान अपेक्षेचा आत्माच काढून घेते.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राच्या एका जुन्या प्रयोगाचे स्मरण करणे उचित ठरेल. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजना आली आणि १९७७ मध्ये संमत झालेला कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ‘मागेल त्याला काम’ या तत्त्वात कोणतीही तारीख नव्हती. दुष्काळ लांबला तर कामावरील हजेरी वाढे. पाऊस पडून पेरण्या सुरू झाल्या की ती आपोआप उतरे. व्यवसाय कर व शासनाचा समभाग यांतून निधी नियमितपणे जमविला जाई. टंचाई ठरविण्यासाठी पन्नास पैशांहून कमी आणेवारी ही खूणही आपल्याकडे दीर्घकाळ मान्य होती. या योजनेच्या अंमलबजावणीत अनेक उणिवा होत्या, हे सर्वज्ञात आहे. तरीही आधाराचा काळ संकटाच्या काळाएवढा असावा, हे तत्त्व महाराष्ट्राने ग्रामीण श्रमिकांसाठी अर्धशतकापूर्वी स्वीकारले होते. कारखान्यातून बाहेर पडलेल्या कामगाराच्या बाबतीत मात्र ते अद्याप स्वीकारले गेलेले नाही.

९. कायदेमंडळांपुढील अपेक्षा

वरील विवेचनाच्या आधारे कायदेमंडळांनी पुढील गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते.

(१) मुदतवाढीची तरतूद मंदी येण्यापूर्वीच मूळ कायद्यात असावी. प्रत्येक वेळी नवे विधेयक, नवी वाटाघाट व नवी तारीख ही पद्धत थांबवावी.

(२) मुदतवाढ सुरू होण्याची व थांबण्याची कसोटी बेकारीच्या प्रत्यक्ष पातळीवर असावी. ‘गतवर्षापेक्षा वाढ’ ही अट काढून टाकावी. एकूण बेकारीबरोबरच दीर्घकालीन बेकारांचे प्रमाणही कसोटीत धरावे.

(३) कसोटीसाठी ताजी, किमान त्रैमासिक आकडेवारी वापरावी आणि मुदत एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने कमी व्हावी.

(४) चांगल्या काळात निधी साठविला जावा. मंदीतील वाढीव खर्च केंद्राने उचलावा, कारण मंदीत राज्यांचे उत्पन्नच घटलेले असते.

(५) भत्त्याबरोबर पुनःप्रशिक्षण व सेवायोजनाची जोड असावी. केवळ शोध घेतल्याचे प्रमाणपत्र मागणे म्हणजे साहाय्य नव्हे.

(६) भारतात ‘आयुष्यात एकदाच’ ही अट रद्द करावी आणि पात्रता कारखाना कागदोपत्री बंद होण्यावर न ठेवता वेतन प्रत्यक्षात थांबण्यावर ठेवावी.

१०. समारोप

दीर्घकालीन बेकारांच्या भत्त्याला मुदतवाढ द्यावी ही मागणी दयेची नाही. कामगाराने काम केले, त्याच्या श्रमावर वर्गणी भरली गेली आणि त्याच्या हाती नसलेल्या कारणाने त्याचे काम गेले. अशा वेळी विम्याने आपले वचन संकट संपेपर्यंत पाळावे, एवढीच ती मागणी आहे. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील १३ लाख लोकांना जो अनुभव आला, त्याचे मूळ निधीच्या अभावापेक्षा कायद्याच्या रचनेत अधिक होते. अशी रचना बदलण्यास योग्य काळ मंदीचा नसून तिच्या आधीचा असतो. छप्पर पावसाळ्यापूर्वी शाकारले जाते. आपल्या देशात विमाधारक कामगारांची संख्या वाढत असताना आणि त्यांच्या नोकऱ्या अधिकाधिक अस्थिर होत असताना, ही दुरुस्ती लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.